गाडीचे पांढरट पडलेले काळे प्लॅस्टिक पुन्हा रंगावर आणताना

वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचा रंग पुष्कळदा शाबूत असतो. वय दिसते ते बंपरची खालची पट्टी, चाकांवरच्या कमानी आणि वायपरखालची जाळी अशा रंग न दिलेल्या काळ्या भागांवर. बंपरच्या आतल्या बाजूस पाहिल्यास अनेकदा 'पीपी+ईपीडीएम-टी२०' अशी उठावाची अक्षरे सापडतात. त्यांचा अर्थ असा की हे रबराची जोड दिलेले पॉलिप्रॉपिलीन असून त्यात सुमारे २० टक्के टाल्कची पूड आहे. अतिनील किरणांनी वरची पातळ त्वचा तुटते, तिला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा पडतात, आतली पूड उघडी होते आणि प्रकाश विखुरल्यामुळे काळे प्लॅस्टिक राखाडी दिसू लागते. खालचा काळेपणा मात्र बहुधा तसाच असतो.

म्हणून काहीही विकत आणण्याआधी ओले फडके फिरवून पाहावे. ओले असताना काळे आणि वाळल्यावर पुन्हा राखाडी दिसत असेल, तर कोटिंगने, म्हणजे वर पातळ थर धरणाऱ्या द्रवाने, काम होईल. पांढरेपणा फक्त रंगीत पत्र्याच्या कडेला, फराट्यांसारखा असेल, तर तो उन्हाचा नसून खाचांत अडकलेल्या पॉलिशचा असतो, आणि तो शाळेतल्या साध्या खोडरबरानेही बऱ्यापैकी निघतो.

खरी मेहनत धुण्यात आहे. नुसता शॅम्पू पुरत नाही. बाटलीवर दिलेल्या प्रमाणात पाणी घातलेले ऑल-पर्पज क्लीनर घ्यावे आणि जुन्या टूथब्रशने दाणेदार पृष्ठभाग गोल गोल घासावा. पहिला फेस चहासारखा तपकिरी निघतो. तो पांढरा येईपर्यंत घासणे आणि धुणे चालू ठेवावे. पाणी थेंबाथेंबाने गोळा होत असेल, तर आधी लावलेल्या पॉलिशमधले सिलिकॉन अजून बसलेले आहे असे समजावे. पाणी सपाट पसरू लागले की भाग तयार झाला. सांध्यांत लपलेले पाणी नंतर ओघळून काम बिघडवते, म्हणून गाडी तासभर तरी वाळू द्यावी आणि मग निम्मे पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने प्लॅस्टिक पुसून घ्यावे. पेट्रोल किंवा थिनर वापरण्याचा मोह टाळावा.

आता रंगीत पत्र्याच्या कडेला मास्किंग टेप लावावी. टायर पॉलिशसारखे सिलिकॉनचे द्रव स्वस्त आणि झटपट असतात, पण थोड्याच धुण्यांत उतरतात. सिरॅमिक ट्रिम कोटिंग (ट्रिम म्हणजे हेच रंग न दिलेले काळे भाग) महाग पडते, पण नीट लावले तर महिनोन्‌महिने टिकते. खोबरेल तेलाचा घरगुती उपाय मला पटत नाही, कारण त्यावर धूळ चिकटते आणि आठवड्याभरात प्लॅस्टिक आधीपेक्षा मळके दिसते. हीट गनने काळेपणा चटकन परततो हे खरे, परंतु पॉलिप्रॉपिलीन साधारण १६० अंशांना वितळते आणि त्या यंत्राची हवा सहज ५०० अंशांवर जाते. हात क्षणभर थबकला तरी दाणे सपाट होऊन कायमचा चकाकता डाग उरतो.

कोटिंग सावलीतच लावावे. माझी पहिली बाटली मी मे महिन्यात, उन्हातून नुकत्याच आणलेल्या गाडीवर संपवली. द्रव लागताच सुकला आणि कमानींवर गडद पट्टे उमटले, जे काढण्यात रविवार गेला. पालथा हात टेकवून प्लॅस्टिक थंड लागले तरच सुरुवात करावी. हातमोजे घालून स्पंजवर चारच थेंब घ्यावेत, वीतभर भागावर उभे-आडवे पसरावेत आणि बाटलीवर दिलेल्या वेळेनंतर मायक्रोफायबरच्या फडक्याने जास्तीचा द्रव हलकेच टिपावा. त्यानंतर सहसा २४ तास तरी पाणी लागू देऊ नये, म्हणून हे काम पावसाळ्यात काढू नये.

भेगा नखाला जाणवत असतील, तर कोटिंगवर पैसे घालवू नयेत. पॉलिप्रॉपिलीनवर रंग सहज धरत नाही, त्यामुळे आधी प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर मारून काळा रंग द्यावा किंवा तो तुकडाच बदलावा. आणि पुढच्या वेळी वॉशिंग सेंटरवर गाडी देताना काळ्या भागांना पॉलिश लावू नका, असे आधीच सांगून ठेवावे.