परीक्षा विभागाच्या खिडकीत काय मागायचं आणि कसं

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मी परीक्षा विभाग सांभाळते. परीक्षा अर्ज, हॉल तिकिटं, बैठक व्यवस्था, लेखनिकांचे (दिव्यांग मुलांचा पेपर त्यांच्या सांगण्यावरून लिहिणाऱ्यांचे) कागद, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दिव्यांग मुलं खिडकीशी येतात तेव्हा बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "मॅडम, थोडं सांभाळून घ्या ना." बाळा, सांभाळून घेणं माझ्या हातात नाही. पेपरच्या दिवशी मी रजेवर असले की माझ्या शब्दाला कोण विचारतो? म्हणून नेमकी सोय माग, लेखी माग आणि परीक्षा अर्ज भरतानाच माग. उन्हाळी परीक्षेची सोय एप्रिलमध्ये धावपळ करून मिळत नाही असं नाही, पण त्यात तुझा अभ्यास जातो.

आधी आपण यात बसतो का ते बघ. दिव्यांग म्हणजे कुबड्या किंवा पांढरी काठी, एवढंच डोक्यात असतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात अल्पदृष्टी आहे, डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमता आहेत, मानसिक आजार आहे, हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजारही आहेत. सिकलसेल मी मुद्दाम सांगते, कारण आपल्या भागात ही मुलं वर्गावर्गात आहेत आणि सांगत नाहीत. सांधे ठणकायला लागले की आठवडाभर घरी राहतात, मग "प्रकृती अस्वास्थ्यामुळे गैरहजर" एवढाच अर्ज देतात आणि हजेरीत अडकतात. शरीरातलं पाणी कमी झालं की दुखणं उठतं, कडक थंडीनेही उठतं. आपल्याकडच्या मे महिन्यातला पेपर म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पाण्याची बाटली जवळ, तळमजल्यावरची खोली, लघवीला जायची मुभा आणि इंटर्नल चुकली तर फेरपरीक्षा, या चार गोष्टी अशा मुलाने वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून द्याव्यात.

आता प्रमाणपत्र. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज भरायचा आणि सरकारी दवाखान्यात तपासणीला जायचं. कार्ड अजून हाती आलं नसेल तर नोंदणीची पावती अर्जाला जोड. अध्ययन अक्षमतेचं शाळेतलं प्रमाणपत्र घेऊन येणाऱ्यांनी अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा तपासणी करून घ्यावी. दहावीचा जुना कागद पुढे केला की विद्यापीठातून हमखास शेरा येतो.

डॉक्टरांकडे गेल्यावर एक वाक्य मागून घे. ते आजाराचं नाव लिहितात, दिव्यांगत्वाची टक्केवारी लिहितात, सही करतात. परीक्षा विभागाला लागतं ते वेगळंच: "विद्यार्थ्यास हाताने सलग लिहिता येत नाही, लेखनिकाची आवश्यकता आहे." दोन्ही डोळ्यांनी न दिसणं, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या बिघाडामुळे हातापायांवर ताबा न राहणं) यांत लेखनिक मागितला की मिळायला हवा. बाकीच्यांना सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. नमुना डॉक्टरांकडे असेलच असं समजू नकोस, झेरॉक्स काढून बरोबर ने.

40 टक्के दिव्यांगत्वाची गोष्ट नीट समजून घे, कारण कारकून मंडळी इथेच अडवतात. प्रवेशातलं 5 टक्के आरक्षण आणि वयाची सवलत यांना 40 टक्के लागतात. लेखनिकासाठी ती भिंत नाही. लिहिताना हात आखडणाऱ्या, म्हणजे रायटर्स क्रॅम्प असलेल्या एका उमेदवाराला यूपीएससीने लेखनिक नाकारला होता. विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात 11 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की 40 टक्के नाहीत एवढ्याच कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्राने अशा उमेदवारांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. "तुझे तर 35 टक्केच आहेत" असं ऐकू आलं तर वाद न घालता या निकालाची प्रत अर्जाला जोड. प्रत जोडलेला अर्ज आमच्याकडे खाली पडून राहत नाही, साहेबांच्या टेबलावर जातो.

अर्ज लिहिताना आजाराची कहाणी लांबवू नकोस. मुलं दोन पानं भरून दुःख लिहितात आणि काय हवं ते शेवटच्या ओळीतही नसतं. असं लिही:

"मा. प्राचार्य यांस, विषय: उन्हाळी परीक्षेसाठी सोयी मिळणेबाबत. मी बी.ए. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून मला अल्पदृष्टी आहे. दिव्यांग हक्क अधिनियम 2016 नुसार मला पुढील सोयी मिळाव्यात: प्रत्येक तासास 20 मिनिटे जादा वेळ, मोठ्या अक्षरातील प्रश्नपत्रिका, तळमजल्यावर खिडकीजवळ आसन. सोबत यूडीआयडी कार्ड व वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. निर्णय लेखी कळवावा."

बस. तासाला किमान 20 मिनिटं हा केंद्राच्या 2018 च्या मार्गदर्शक तत्त्वांतला हिशोब आहे. तीन तासांच्या पेपरला एक तास, अडीच तासांच्याला 50 मिनिटं. 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्याने लेखनिक न घेता स्वतः लिहिलं तरी हा वेळ मागता येतो, हे पुष्कळांना ठाऊकच नसतं. अर्जाच्या दोन प्रती काढ. एक दे, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घे. "ठेवून जा, बघतो" म्हणणाऱ्याला हसून म्हण, "सर, पोच द्या ना." त्यात कुणाचा अपमान नाही.

खिडकीशी स्वतः बोल. वडील पुढे, मुलगा मागे मान खाली घालून उभा, हे चित्र मला फार खटकतं. वडिलांना यायचं तर येऊ देत, पण बाहेरच्या बाकावर बसू देत. कुठला पेपर जड जातो आणि कुठे हात थांबतो, हे त्यांना कुठून माहीत असणार? बोलायचं सुचत नसेल तर तीन वाक्यं घरी म्हणून ये: मला काय जमत नाही, त्यासाठी काय हवं, कोणत्या तारखेपर्यंत हवं. आजाराचा सगळा इतिहास वर्गातल्या प्रत्येक प्राध्यापकाला सांगायची गरज नाही. कमी ऐकू येत असेल तर तिथे "मला पाठमोरं बोललेलं समजत नाही, कृपया वर्गाकडे तोंड करून बोला" एवढं पुरतं.

लेखनिकाचं (मुलं रायटर म्हणतात) काम सगळ्यात नाजूक. तो तुझ्यापेक्षा कमी शिकलेला असावा, ही अट आहे. किती कमी, ते नियमांत बदलत राहतं, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक बघ. भाषेच्या पेपरला वेगळा लेखनिक घेता येतो. अकरावी-बारावीच्या मुलांत आणि त्यांच्या शिक्षकांकडे विचारलं तर माणूस मिळतो. मिळाला की एक जुना पेपर त्याच्याबरोबर पूर्ण सोडवून बघ. परिच्छेद कुठे तोडायचा, कशाखाली रेघ मारायची, इंग्रजी संज्ञेचं स्पेलिंग कसं सांगायचं, हे तोंडाने सांगायची सवय वेगळीच असते. हुशार मुलांचे मार्क तिथेच जातात. एक राखीव माणूसही सांगून ठेव, पेपरच्या सकाळी ताप कुणालाही येतो.

न दिसणाऱ्यांसाठी नोट्सचं एक सांगते. एनव्हीडीए हे वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि मराठी वाचतं. पण आपले सर लोक अजून श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात, ते त्याला गिचमिड वाटतं. म्हणून "सॉफ्ट कॉपी द्या" म्हणू नकोस, "युनिकोडमध्ये द्या" म्हण. छापील पुस्तक असेल तर पानं स्कॅन करून गुगल ड्राइव्हवर टाक आणि डॉक्समध्ये उघड, मजकूर बऱ्यापैकी निघतो. पुस्तकाची अशी वाचता येण्याजोगी प्रत करायला कॉपीराइट कायद्यात 2012 पासून मुभा आहे, ग्रंथपाल बिचकले तर सांग. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयातही नाव नोंदव.

पेपरच्या दिवशी मंजुरीच्या पत्राची प्रत हॉल तिकिटाबरोबर ठेव. पर्यवेक्षक रोज बदलतात, त्यांना काही माहीत नसतं. घंटा झाली की उत्तरपत्रिका ओढायला येतात. तेव्हा उठू नकोस. पत्र दाखव, केंद्रप्रमुखांना बोलवायला सांग आणि गेलेली मिनिटं लिहून द्यायला लाव. नाहीच ऐकलं तर त्याच संध्याकाळी लेखी तक्रार कर. सरकारी आणि अनुदानित संस्थेत कायद्याच्या कलम 23 नुसार तक्रार निवारण अधिकारी असायला हवा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज पाठव. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं अशा बाबतीत त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. अर्ज स्पीड पोस्टाने जातो, पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. सोबत पोच असलेली प्रत, मंजुरीचं पत्र आणि हॉल तिकिटाची झेरॉक्स जोड, मूळ कागद कुणालाही देऊ नकोस.