फ्लॅक रेडिओ लावताय? मग हे बघून घ्या

फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीच न गाळता तो लहान करून पाठवायचा प्रकार. इंटरनेट रेडिओवर शास्त्रीय संगीत ऐकणारे आपल्या परभणी-बीडकडं बी लई आहेत, आता घरोघरी फायबर आलंय म्हणून लिहितोय. मोबाईल डेटावर फ्लॅकच्या नादी लागू नका. सीडीचा आवाज कच्चा 1411 केबीपीएस (सेकंदाला किती किलोबिट जातात ते) असतो, फ्लॅक त्यातलं काहीच न टाकता साधारण 700-800 वर आणतं, म्हणजे तासाला साडेतीनशे एमबीच्या आसपास गेले. एमपीथ्री मात्र आवाजातलं थोडं गाळून लहान करतं, 128 च्या एमपीथ्रीला तासाला 58 एमबी पुरतात.

लावायचं असं, कॉम्प्युटरवर व्हीएलसी हा प्लेअर उघडा, कंट्रोल-एन दाबा, स्ट्रीमची लिंक टाका, झालं. ट्रायलला चेक रेडिओचं डी-दुर घ्या, पाश्चात्य संगीत असतं पण फ्लॅकमधे मिळतं. आकाशवाणीचं रागम् हे शास्त्रीय संगीताचं स्टेशन 2016 पासून चालू आहे, गाणं एक नंबर, पण ते कॉम्प्रेस होऊनच येतं, त्यात लॉसलेस, म्हणजे काही न गाळलेला आवाज, शोधू नका. आवाज तुटत असला तर लिंक टाकतो तिथंच खाली कॅशिंग (आवाज आधी साठवून ठेवायचा वेळ, मिलिसेकंदात) 1000 चं 5000 करा, पाच सेकंद उशिरा लागेल, लागू द्या.

आता खरी गोम. स्टेशनवाल्यानं एमपीथ्री फाईलीच फ्लॅक करून सोडल्या तरी व्हीएलसी फ्लॅकच दाखवणार, कंट्रोल-जे दाबून कोडेक, म्हणजे आवाज कुठल्या प्रकारात येतोय ते, कळतो, मूळ माल कळत नाही. म्हणून मिनिटभर रेकॉर्ड करा आन् स्पेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमधे टाका, ते आवाजाचं चित्र काढतं, बारीक सूर वर आन् जाड सूर खाली, त्यात 16 किलोहर्ट्झच्या वर कात्रीनं कापल्यासारखं काळं दिसलं तर बहुतेक 128 चाच माल हाय. फक्त जुन्या तव्यांवरच्या रेकॉर्डिंगला हा नियम लावू नका, त्यात वरचं काही मुळातच नसतं, उगं स्टेशनला शिव्या बसतील. कानानं तपासायचं तर तानपुरा ऐका, 128 वर त्याचा झंकार चिरचिरा होतो, आणि पखवाजाच्या थापेची धार जाते, आपेगावचा पखवाज समोर बसून ऐकलेल्याला लगेच कळतं.

ब्लूटूथ स्पीकर असला तर हे सगळं पाण्यात, तिथं आवाज बहुतेक परत कॉम्प्रेस होतो. वायरचे हेडफोन लावा, आणि कंट्रोल-जे मधे जो सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतलेत तो आकडा) दिसतो तोच विंडोजच्या साउंड सेटिंगमधे ठेवा. एवढं करून 320 ची एमपीथ्री आणि फ्लॅकमधला फरक कळलाच नाही, बहुतेकांना कळतच नाही, तर खुशाल 320 लावा अन् डेटा वाचवा.