हायस्कूलचा खेळाडू कॉलेजात टिकेल का?

अमेरिकेतल्या बास्केटबॉल रिक्रूटच्या, म्हणजे कॉलेज संघात घ्यायच्या हायस्कूल खेळाडूच्या, हायलाइट व्हिडिओवर भाळू नका. हुकलेले शॉट त्यात नसतातच. अख्खा सामना पाहा, शक्यतो उन्हाळी एएयू (शाळेबाहेरच्या क्लब संघांच्या) स्पर्धेतला. तिथे समोर तोलामोलाची पोरं असतात.

तीन गुणांच्या (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या) शॉटच्या टक्केवारीने हुरळू नका. हायस्कूलची रेषा १९ फूट ९ इंचांवर, पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलची २२ फूट पावणेदोन इंचांवर. त्यापेक्षा फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारा मोकळा शॉट) तपासा, अंतर दोन्हीकडे १५ फूटच. तिथे साठ टक्के आणि थ्रीला चाळीस, तर आधी थ्रीचे प्रयत्न किती होते ते मोजा; थोड्या प्रयत्नांत टक्केवारी फसवते.

उंची बऱ्याचदा बुटांसकट सांगतात, इंचभर वजा करा. बॉल हातात नसताना नजर पायांवर ठेवा: बचावात मदतीला वेळेत सरकतो का? बॉक्स आउट करतो (अंगाने प्रतिस्पर्ध्याला बास्केटपासून अडवतो), की नुसत्या उंचीवर रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) उचलतो? कॉलेजात ती उंची सगळ्यांकडेच असते.