मस्कतच्या दमट उन्हात एक दिवस: मराठवाड्यातील क्रूझ प्रवाशांसाठी

परभणी-नांदेडकडच्या माणसाला ४२ अंशांचा उन्हाळा अंगवळणी पडलेला असतो, आणि क्रूझवरून ओमानची राजधानी असलेल्या मस्कतला उतरताना नेमका हाच भरवसा धोक्याचा ठरतो. आपल्याकडील ऊन कोरडे असल्यामुळे घाम लगेच वाळतो व शरीर थंड होते. मस्कतची हवा समुद्रामुळे दमट असते, घाम अंगावरच राहतो आणि ३५ अंशांतही जीव कासावीस होतो. पावसाळ्यात घरचा कूलर गारवा देत नाही, त्याचे कारणही हेच आहे. म्हणून डोक्याला ओला रुमाल बांधून दिवसभर हिंडण्याचा आपला उपाय तेथे अपुरा पडतो. दिवसाची आखणीच उन्हाच्या वेळा सांभाळून करावी लागते.

जहाज मत्रा भागातील सुलतान काबूस बंदरात लागते. बंदराच्या आवारात पायी न फिरता बसने फाटकापर्यंत यावे आणि समोरच्या बाजाराकडे न वळता थेट सुलतान काबूस ग्रँड मशीद गाठावी. २००१ साली खुली झालेली ही मशीद मुस्लिमेतर पाहुण्यांना शुक्रवार वगळता फक्त सकाळी ८ ते ११ या वेळेत पाहता येते. ती शहराच्या दुसऱ्या टोकाला असल्यामुळे टॅक्सीत बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. एक ओमानी रियाल म्हणजे १,००० बैसा आणि आपले २०० रुपयांहून अधिक, हा हिशेब मनात पक्का असावा. स्त्रियांनी केस, हात आणि पाय पूर्ण झाकावेत, साडीपेक्षा लांब बाह्यांचा सैल सुती सलवार-कमीज व ओढणी सोयीची पडते. पुरुषांनी पूर्ण विजार घालावी. प्रार्थनागृहात जाताना पादत्राणे काढावी लागतात, तेव्हा पायमोजे जवळ ठेवावेत.

दुपारचे ११ ते ४ हे तास छताखाली काढावेत, याबाबत तडजोड करू नये. अल आलम राजवाड्यासमोरील राष्ट्रीय संग्रहालय वातानुकूलित आहे आणि ओमानचा सागरी इतिहास तेथे निवांत पाहण्यासारखा आहे. जवळचे जलाली व मिरानी हे पोर्तुगीजकालीन किल्ले बाहेरून पाहणे पुरेसे आहे. मत्रा सूकमधील (बंदरासमोरच्या त्या बाजारातील) बरीच दुकाने दुपारी बंद असतात, त्यामुळे जहाजाची वेळ जुळत असेल तर धोफार या दक्षिण ओमानी प्रांतातला लोबान घेण्यासाठी तेथे संध्याकाळी जावे. बऱ्याच दुकानदारांना हिंदी समजते.

तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि ओआरएसची पाकिटे सोबत न्यावीत. रमजानमध्ये दिवसा उघड्यावर खाणे-पिणे कायद्याने निषिद्ध असल्यामुळे त्या महिन्यात उघड्यावरचा वेळ आणखी कमी ठेवावा. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या ज्येष्ठांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा, कारण त्यांच्या शरीरातील पाणी लवकर कमी होऊ शकते. सोबतचा माणूस असंबद्ध बोलू लागला किंवा त्याचा तोल जाऊ लागला, तर तो थकवा समजून बसू नये. त्याला ताबडतोब गार जागी न्यावे, अंगावर पाणी ओतून जोराने वारा घालावा, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये आणि ९९९९ या क्रमांकावर मदत मागवावी.

मोबाइलचे घड्याळ मस्कतला भारतापेक्षा दीड तास मागे जाते. परतण्यासाठी मात्र जहाजावर जाहीर केलेली वेळच धरावी.