चित्रपुस्तकाचे ॲप करताना मजकूर चित्रापासून वेगळा ठेवा

वन्यजीव संवर्धनावरील बालचित्रपुस्तकाचे मोबाइल ॲप करताना छापील पाने जशीच्या तशी स्कॅन करू नयेत. मूळ चित्रे, मजकूर आणि निवेदनाचा आवाज यांच्या फायली स्वतंत्र ठेवाव्यात, कारण या विषयातील माहिती बदलत राहते. उदाहरणार्थ, आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत, म्हणजे प्रजाती नामशेष होण्याचा धोका किती आहे हे सांगणाऱ्या यादीत, महाकाय पांडाची नोंद 2016 मध्ये ‘संकटग्रस्त’ऐवजी तुलनेने कमी धोक्याच्या ‘असुरक्षित’ गटात झाली. अक्षरे चित्रातच मिसळलेली असतील, तर एवढ्याशा दुरुस्तीसाठीही संपूर्ण पान नव्याने करावे लागते आणि मुलांपर्यंत जुनीच माहिती जात राहते, जे मला अक्षम्य वाटते. स्पर्श करताच प्राण्याचा आवाज ऐकू येणार असेल, तर तो त्याच प्रजातीचा, परवानगी घेऊन वापरलेला असावा. गोष्ट इंटरनेटशिवायही उघडावी.