अठराव्या वर्षानंतरची नोकरी: बौद्धिक दिव्यांग प्रौढांना काम कसे मिळवून द्यावे आणि कसे शिकवावे

विशेष शाळेतील मुले अठरा वर्षांची झाली की शाळा संपते आणि ‘आता दिवसभर करायचे काय’ हा प्रश्न घरात सुरू होतो. त्यावर सल्ला बहुधा एकच मिळतो: कार्यशाळेत घाला. हा सल्ला वाईट नाही. मुंबईची जय वकील ही संस्था १९४४ पासून आणि नाशिकची प्रबोधिनी १९७७ पासून बौद्धिक दिव्यांगांसाठी काम करीत आहे, आणि ठिकठिकाणच्या कार्यशाळांनी पणत्या, आकाशकंदील, कागदी पिशव्या अशा कामांतून अनेक प्रौढांच्या दिवसाला वळण लावले आहे. मात्र कार्यशाळेतील जागा म्हणजे नोकरी नव्हे. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी निःसंकोचपणे विचारावे की गेल्या दोन-तीन वर्षांत येथून किती जण बाहेरच्या दुकानात किंवा कारखान्यात कामाला लागले, त्यांच्यासोबत सुरुवातीला कोण गेले आणि येथे केलेल्या कामाचा मोबदला कसा ठरतो. पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर ते दिवस घालवण्याचे चांगले ठिकाण आहे एवढेच समजावे.

‘आधी पूर्ण तयार करू, मग नोकरी शोधू’ हा क्रम बौद्धिक दिव्यांगांच्या बाबतीत बहुधा फसतो, कारण एका ठिकाणी शिकलेले कौशल्य दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरता येणे हीच त्यांची मोठी अडचण असते. कार्यशाळेत मेणबत्त्या खोक्यांत उत्तम भरणारी मुलगी औषधांच्या दुकानातील खोकी तितक्याच सफाईने भरेल असे गृहीत धरता येत नाही; टेबल, आवाज, माणसे आणि घाई हे सारे तिला नव्याने शिकावे लागते. म्हणून आधी प्रत्यक्ष जागा शोधावी आणि शिकवणी तेथेच, त्याच टेबलाशी करावी.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी ते पहिल्यांदा उरकावे. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर अर्ज करून, सरकारी रुग्णालयातील तपासणीनंतर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, मिळते, आणि त्यावर दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक असेल तर बहुतेक सवलती लागू होतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे आणि त्यातील एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व या सर्वांना मिळून आहे. अर्ज जरूर करावा, पण त्या एका टक्क्याच्या भरवशावर वर्षे घालवू नयेत. त्याच कायद्यान्वये वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनांनाही समान संधी धोरण जाहीर करावे लागते. एखाद्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाशी बोलताना या धोरणाची प्रत मागितली की बोलणे दयेच्या सुरावरून कामाच्या सुरावर येते.

यानंतरचे काम निरीक्षणाचे. ‘त्याला काय येत नाही’ याची यादी प्रत्येक पालकाला पाठ असते. आता दुसरी यादी करावी. घरात कोणते काम तो न सांगता करतो? दूधवाला उशिरा आला तर अस्वस्थ होतो का, म्हणजे वेळेचे बंधन त्याला आवडते का? गर्दी सोसते की नुसत्या मिक्सरच्या आवाजानेही तो कानांवर हात ठेवतो? किती वेळ उभा राहू शकतो, आणि वस्तू जागच्या जागी नसल्या तर त्याला खटकते का? चपला ओळीत लावून ठेवण्याची सवय घरच्यांना वेडाची वाटत असेल, पण किराणा दुकानाच्या फळ्या लावण्यासाठी नेमका असाच माणूस लागतो. तो प्रौढ आहे, तेव्हा त्यालाही विचारावे, आणि त्याला शब्द नसतील तर दोन-तीन ठिकाणी नेऊन तो कोठे रमतो ते पाहावे.

मालकाकडे ‘माझ्या मुलाला काहीतरी काम द्या’ म्हणून जाऊ नये. आधी त्या दुकानात थोडा वेळ उभे राहून तेथील कोणते काम तुंबते ते पाहावे. मिठाईच्या दुकानात विक्रेता गिऱ्हाईक सोडून खोकी घडत बसलेला दिसला, तर ‘सकाळचे तीन तास हे एवढे काम आम्ही सांभाळू, पहिले काही आठवडे सोबत आमचा माणूस राहील’ असे सांगता येते. एका पदाची सगळी कामे जमली पाहिजेत असेही नाही. अनेकांच्या कामांतील एकेक तुकडा काढून नवे काम उभे करता येते. मुंबईत जुहू येथील कॅफे अर्पणमध्ये विकासात्मक (बौद्धिक, स्वमग्नता यांसारखे) दिव्यांगत्व असलेले प्रौढ काम करतात; साशंक मालकाला तेथे एक कप चहा प्यायला नेणे हे कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा उपयोगी पडते.

आता शिकवणी. १९७०च्या दशकात अमेरिकेत मार्क गोल्ड या अभ्यासकाने तीव्र बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या लोकांना सायकलच्या ब्रेकचे सुटे भाग जोडायला शिकवून दाखवले. काम बारीक टप्प्यांत तोडायचे आणि बोलणे कमीत कमी ठेवायचे, ही त्याची रीत आजही तितकीच चालते. मिठाईचे खोके घ्या. सपाट पुठ्ठा उचलणे, छापील बाजू खाली करणे, चारही कडा रेषेवर मोडणे, कोपऱ्यातील जीभ खाचेत घालणे, उरलेले तीन कोपरे तसेच करणे, आत बटरपेपर ठेवणे, खोके थप्पीवर ठेवणे. शिकवणाऱ्याने आधी स्वतः अशी काही खोकी घडावीत, म्हणजे आपण न कळत कोणता टप्पा गाळतो ते कळते. ‘जीभ खाचेत घालणे’ हा वस्तुतः दोन हातांच्या दोन वेगळ्या कृतींचा टप्पा आहे आणि गाडी बहुधा तेथेच अडते.

शिकवताना शेवटून सुरुवात करावी. आरंभी शिकवणाऱ्याने सगळे करून फक्त बटरपेपर ठेवण्याचे आणि थप्पी लावण्याचे काम त्याच्याकडे द्यावे, ते पक्के झाले की शेवटचा कोपरा, मग त्याआधीचा. यात प्रत्येक वेळी काम त्याच्या हातून पूर्ण होते आणि ‘झालं!’ हा आनंद त्याला पहिल्या दिवसापासून मिळतो. मोजता येत नसेल तर मोजणे शिकवत बसू नये. दहा चौकोन आखलेली फळी द्यावी, सगळे चौकोन भरले की दहा झाले. चूक झाली की लगेच ‘अरे, असं नाही’ म्हणू नये. थोडे थांबावे, मग बोटाने दाखवावे, तरीही जमले नाही तर मनगटाला हलका स्पर्श करावा, आणि शब्दांची मदत शक्यतो टाळावी, कारण बोलून केलेली मदत नंतर काढून घेणे सर्वांत कठीण जाते.

ही मदत काढून घेणे हाच जॉब कोचच्या, म्हणजे कामाच्या जागी सोबत राहून शिकवणाऱ्याच्या, कामाचा गाभा आहे. शेजारी बसणारा कोच काही दिवसांनी मागे उभा राहिला पाहिजे, मग काउंटरच्या पलीकडे, मग दिवसातून एकदाच चक्कर मारणारा. त्याच वेळी दुकानातील एका सहकाऱ्याला हळूहळू त्या जागी आणावे. ‘अमुक दादांना विचार’ एवढे वाक्य पक्के झाले की निम्मे काम झाले. कोच मिळत नसेल तर आईवडिलांऐवजी मावसभाऊ किंवा शेजारचा तरुण चालेल. आई समोर असताना तिशीचा माणूसही लहान होऊन बसतो आणि मालकही त्याच्याशी बोलायचे सोडून आईशीच बोलतो.

माझ्या पाहण्यात नोकऱ्या कामापेक्षा चहाच्या सुट्टीत अधिक मोडल्या आहेत. काम कोणते ते ठरलेले असते, मोकळ्या पंधरा मिनिटांत काय करायचे ते नसते. मग कोणी गिऱ्हाईकाच्या खांद्यावर हात ठेवतो, कोणी एकच प्रश्न वीस वेळा विचारतो, कोणाची चेष्टा होते आणि त्याला ती कळत नाही. म्हणून चहा कोठे प्यायचा, कोणाजवळ बसायचे, कप कोठे ठेवायचा, हे खोक्याइतकेच टप्प्याटप्प्याने शिकवावे. दिवसाचा क्रम चित्रांच्या पट्टीवर लावून ठेवावा. प्रवासही असाच शिकवावा, आणि नेहमीची बस न आल्यास काय करायचे याचा सराव मुद्दाम बस चुकवून करून घ्यावा.

पगार त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा झाला पाहिजे, आणि त्यातील थोडी रक्कम तरी त्याने आपल्या मर्जीने खर्च केली पाहिजे. वडापाव असो की हेडफोन, त्यावर उपदेश करू नये. ‘खाऊला पैसे देतो’ म्हणणाऱ्या मालकाला किमान वेतनाची आठवण सौम्यपणे पण स्पष्ट करून द्यावी. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे मिळत असतील तर पगार सुरू होण्यापूर्वीच तहसील कार्यालयात उत्पन्नाच्या अटीची चौकशी करावी, म्हणजे अनुदान अचानक बंद पडून घरचे लोक नोकरीलाच दोष देत नाहीत. प्रौढ झाल्यावरही त्याच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार, म्हणजे कायदेशीर पालकत्व, हवे असेल तर १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, पण ज्याला आपले व्यवहार थोड्या आधाराने समजतात त्याच्यासाठी ते घाईने घेऊ नये.

घडी बसल्यावरही महिन्यातून एकदा दुकानात जाऊन यावे. दिवाळीच्या गर्दीत खोक्यांचे माप बदलते, सांभाळून घेणारा सहकारी नोकरी सोडतो, टेबल हलवले जाते, आणि बाहेरून क्षुल्लक दिसणाऱ्या अशा बदलांनी चांगले चाललेले काम विस्कटते. तेव्हा कोचने दोन-तीन दिवस पुन्हा जावे, नव्या मापाच्या खोक्याचे टप्पे नव्याने पाडावेत. एवढे करूनही काम सुटले, तर त्याच आठवड्यात मालकाकडून अनुभवाचे पत्र घ्यावे आणि त्यात कामाचे टप्पे, रोजचे तास व कोचची मदत किती लागत होती हे लिहून मागावे. पुढच्या मालकाला ‘मेहनती व प्रामाणिक आहे’ यापेक्षा याच माहितीचा उपयोग होतो.