रागाची प्रश्नावली भरून घेताय? या चुका टाळा

"मॅडम, रागाचा अल्फा फारच कमी येतोय." एम.ए.चे प्रकल्प जमा करायची तारीख जवळ आली की असे फोन सुरू होतात. मी आधी एकच विचारते, "रिव्हर्स आयटम उलटवलेस का?" पलीकडे शांतता. (अल्फा म्हणजे एका गटातली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, 1 च्या जितका जवळ तितका चांगला.)

बहुतेकांच्या हातात अर्नॉल्ड बस आणि मार्क पेरी यांची 1992 ची आक्रमकता प्रश्नावली असते. 29 विधानं, प्रत्येकाला 1 (अजिबात लागू नाही) ते 5 (पूर्ण लागू) गुण. शारीरिक आक्रमकतेची 9, शाब्दिकची 5, रागाची 7, शत्रुभावाची 8. त्यातली दोनच विधानं उलटी, म्हणजे रिव्हर्स: त्यांना जास्त गुण म्हणजे आक्रमकता कमी, म्हणून बेरजेआधी ते उलटवायचे, 5 चा 1, 4 चा 2. एक रागात, 'मी शांत स्वभावाचा आहे' अशा अर्थाचं. दुसरं शारीरिक आक्रमकतेत.

दोनच तर आहेत, काय बिघडतं? हिशेब करून बघा. अगदी थंड डोक्याचा माणूस रागाच्या सहा विधानांना 1 देईल आणि 'शांत स्वभावा'ला 5. उलटवलं तर बेरीज 7, विसरलात तर 11. भयंकर तापट माणसाचे 35 व्हायला हवेत, ते होतात 31. म्हणजे दोघांतलं अंतर 28 वरून 20 वर आलं. मूळ अभ्यासात 1253 विद्यार्थ्यांवर रागाचा अल्फा 0.83 होता, तुमचा त्याच्या फार खाली घसरला असेल, तर त्या विधानाचा बाकी सहांच्या बेरजेशी सहसंबंध काढा. उणे आला की चोर सापडला. उलटा प्रकारही होतो: एकाने उलटवलेलं दुसरा पुन्हा उलटवतो. म्हणून मूळ कॉलमला हात लावू नका, शेजारी नवा करा आणि 6 मधून वजा करा.

हे सगळं ठीक असूनही आकडे वेडेवाकडे येत असतील, तर भाषांतर बघा. माझ्या मते खरी गोम इथेच असते. शारीरिक आक्रमकतेतलं उलटं विधान मराठीत साधारण असं उतरतं: 'कुणावर हात उचलायला योग्य कारण असूच शकत नाही.' आणि पर्याय असतो 'मला अजिबात लागू नाही'. 'नाही'ला 'नाही' म्हणायचं की 'हो', यात भलेभले अडकतात. गंमत म्हणजे मराठीचं पुन्हा इंग्रजीत उलट भाषांतर करून घेतलंत तरी हे पकडलं जात नाही, कारण वाक्य इंग्रजीत अगदी बरोबर परततं. पाच-सहा जणांना समोर बसवा, मोठ्याने वाचायला लावा आणि काय कळलं ते त्यांच्या शब्दांत विचारा.

एकदा एका गृहस्थांसोबत असं बसले होते. "छे, मी कधी कुणावर हात टाकत नाही," म्हणत त्यांनी 1 वर खूण केली. पुढच्याच वाक्याला, "पोरांना दोन धपाटे घालतो, पण ते काय मारणं झालं?" खोटं बोलत नव्हते ते. त्यांच्या मराठीत धपाटा म्हणजे मारणं नव्हेच. शत्रुभावातही असंच. लोक पाठीमागे हसतात असं वाटतं का, हे विधान एका विद्यार्थिनीने 'लोक माझ्या पाठीमागे बोलतात' असं करून टाकलं होतं. चाळीत राहणारं कुणीही त्याला 5 देईल. तो शत्रुभाव नव्हे, माहिती आहे.

फॉर्मवर नाव आणि रोल नंबर घेऊन, वर्गशिक्षकांना शेजारी उभं करून 'मी मारामारी करतो का' विचारू नका. दोन वेळची उत्तरं जुळवायची असतील तर आईच्या नावाचं पहिलं अक्षर आणि मोबाइलचे शेवटचे दोन अंक पुरतात.

दोन आठवड्यांच्या ध्यान शिबिराआधी आणि नंतर हीच प्रश्नावली देऊन 'फरक पडला नाही' असं लिहिणारेही आहेत. ती स्वभाव मोजते. बस-पेरींनी नऊ आठवड्यांनी पुन्हा भरून घेतली तेव्हा दोन्ही वेळच्या एकूण गुणांचा सहसंबंध 0.80 होता, म्हणजे माणसांचा क्रम फारसा हलला नव्हता. या घडीचा राग, स्वभावातला राग, गिळलेला राग असं वेगवेगळं हवं असेल तर स्पीलबर्गर यांची 57 विधानांची चाचणी आहे. ती मात्र विकत घ्यावी लागते.

शत्रुभाव 16, शाब्दिक 15, म्हणून शत्रुभाव जास्त, असंही लिहू नका. 8 विधानांत 16 म्हणजे सरासरी 2, आणि 5 विधानांत 15 म्हणजे 3.

आणि '100 च्या वर अतिआक्रमक' असले गट मनाने पाडू नका. अशाच एका फाइलीत 145 गुणांचा, पैकीच्या पैकी अतिआक्रमक मुलगा सापडला होता. ओळ उघडून पाहिली. सगळ्या 29 विधानांना 5. 'शांत स्वभावाचा आहे' यालाही 5, तोही न उलटवलेला. फॉर्म तास सुटायच्या पाच मिनिटं आधी वाटले होते.